शनिवारची ममता

आमच्या रेडिओवर रंजिता आडे सहा वर्षं ममता या नावाने बोलली. याला निम्मी जबाबदार ती स्वतः, आणि निम्मा मी. लोक सगळा दोष तिच्या सासऱ्यांवर ढकलून मोकळे होतात, म्हणून मला हे सांगावं लागतंय.

मी श्रावण, 'रेडिओ टेंभूर'चा ऑपरेटर. आधी घाटंजीत माझं लाउडस्पीकरचं दुकान होतं. लग्नात, जयंतीत, बारशात आवाज पुरवायचो. आता घाटंजीच्या बाहेर एका संस्थेच्या जुन्या गोदामात बसून दहा-बारा किलोमीटरपर्यंत आवाज पुरवतो. त्यापुढे टेकडी आहे, आणि टेकडीच्या मागे आम्हाला कुणी विचारत नाही. स्टुडिओच्या भिंतींना आतून गोधड्या ठोकल्यात, आवाज घुमू नये म्हणून. पंखा लावला की माइकमध्ये घरघर येते, म्हणून पंखा बंद. दार बंद, खिडकीला पत्रा. तासभर आत बसलेला माणूस बाहेर आला की पहिल्यांदा आभाळाकडे बघतो.

शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा 'आपलंच गाणं' लागतं. अट एकच, गाणं स्वतः केलेलं पाहिजे. सिनेमातलं चालत नाही, यूट्यूबवरून उचललेलं चालत नाही, देवळात सगळे म्हणतात तेही चालत नाही. मला आधी वाटलं होतं, दोन महिन्यांत गाणी संपतील. संपतात कुठली! बोरी अरबचा उकंडा शिंपी आहे, तो शिवणयंत्राच्या ठेक्यावर गातो, आणि दुसऱ्या कुठल्या ठेक्यावर त्याला गाता येत नाही म्हणून टेम्पोत यंत्र घालून येतो. लालीबाई नावाची मजुरीला जाणारी बाई आहे. तिचं 'टावर आला वावरात, पोराचा फोन काही येत नाई' हे गाणं इतक्या वेळा लावावं लागलं की मलाच पाठ झालं. कळंबची चार पोरं गिटार घेऊन येतात. त्यांच्या कळंबला आमचा रेडिओ ऐकूच जात नाही, तरी येतात. मी एकदा म्हटलं, अरे, तुमच्या घरचं कोणी ऐकणार नाही. तर म्हणे, म्हणून तर येतो काका.

या सगळ्यांना बोलतं करायचं काम रंजिताचं. ती उगाच वाहवा करत नाही. गाणं झालं की एकच विचारते, "हे पहिल्यांदा कुठं सुचलं?" आणि मग थांबते. रेडिओवर दोन सेकंद गप्प राहिलं की माझ्यासारख्याचा जीव वर-खाली होतो. ती आरामात थांबते. समोरचा माणूस मग खरं काय ते सांगतो. एवढं गप्प बसायची सवय तिला कुठून लागली, हे मला कळलं तेव्हा मात्र मला त्या गप्प बसण्याचं कौतुक करवेना.

तिचा बंजाऱ्यांचा तांडा आमच्या स्टेशनपासून तीन किलोमीटरवर. आडेंच्या घरात अशी रीत की सुनेनं सासऱ्यासमोर पदर ओढायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. तांड्यात आता हे फारसं राहिलेलं नाही. शेजारच्या घरची सून सासऱ्याला मोबाइलवर रिचार्ज मारून देते आणि वर ओरडते, रोज रोज कुठे एवढं बोलता म्हणून. आमच्या वस्तीत तर विचारूच नका. माझी बायको माझ्या वडिलांशी भांडत भांडतच त्यांना भाकरी वाढायची आणि दोघंही खूश असायचे. पण रामसिंगकाका आडे जुन्या वळणाचे, त्यातून नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या घरातले. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रेम, रंजिताचा नवरा, आदिलाबादकडे कापसाच्या जिनिंगवर कामाला असतो. मुलगी आश्रमशाळेत. घरात उरली तीन माणसं, त्यातलं एक मुकं.

या रीतीतून सुटका आहे, नाही असं नाही. सासऱ्याने सुनेला गाय, शेळी, काहीतरी द्यायचं आणि म्हणायचं, बोल. मग ती बोलती होते. वर्षा-दोन वर्षांत होऊन जातं. रामसिंगकाकांनी पहिल्या दिवाळीला कालवड देतो म्हणून चार माणसांत सांगितलंही होतं. दिवाळीच्या आधी त्यांची आई वारली, घरात दिवाळी झाली नाही, आणि ते राहून गेलं. राहिलं ते बारा वर्षं राहिलं. सगळे म्हणायचे, म्हातारा विसरला. रंजिताला आठवण करून देता येत नव्हती, कारण आठवण करून द्यायची म्हणजे बोलायचं.

सासू सुखीबाई आठवण करून देऊ शकत होती. मी एकदा तिला बाजारात गाठून विचारलंच. ती म्हणाली, "मागून घेतलेलं बोलणं कायचं जी? त्यायच्या मनात यीन तवा देतीन." मला तेव्हाच राग आला होता आणि अजूनही येतो. बारा वर्षं सासरा-सुनेतलं प्रत्येक बोलणं सुखीबाईच्या तोंडून जात होतं. सुनेला मीठ जास्त झालं हे तीच सांगणार, सासऱ्याला बियाणं आलंय हेही तीच सांगणार. एवढं महत्त्व कोण आपणहून सोडेल? प्रेमला विचारलं तर तो म्हणे, बाबाले मी कसा सांगू, मले लाज वाटते.

रंजिताला एकच हवं होतं. स्वतःच्या नावाने बोलायचं होतं, घरात आणि माइकवरही. दुसरं तिने कधी काही मागितलं नाही.

माइकचं असं झालं. पूर्वी ममता नावाची एक मुलगी हा कार्यक्रम करायची. ती लग्न होऊन वर्ध्याला गेली. रंजिता संस्थेत बचतगटाचं लिखाण करायला यायची. एका शनिवारी बोलायला कोणीच नव्हतं, म्हणून मी तिला माइकसमोर बसवली. ती म्हणाली, "भाऊ, नाव नका सांगू. मामाजीनं आयकलं तं मंग येऊ नाई देतीन." मामाजी म्हणजे सासरे. कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या धुनेत 'ममताच्या संगं' असं गायलेलं होतं. ती धून पुन्हा बसवायची तर पेटीवाला शोधा, ढोलकीवाला शोधा. मी म्हटलं, मग तू ममताच हो. ती घाबरलेली, मी आळशी, दोघांचं जमलं.

काम करायची आमची पद्धत ठरलेली. मी काचेच्या अलीकडे, ती पलीकडे. मी तीन बोटं दाखवतो, मग दोन, मग एक. ते एक बोट खाली आलं की ती सुरू करते, "राम राम मंडळी, शनिवार आला, आता गाणं आपलंच!" आवाज असा मोकळा की वाटावं, ही बाई जन्मात कधी कुणापुढे गप्प बसली नसेल.

तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी, पाच वाजून वीस मिनिटांनी फोन आला. "हॅलो, रामसिंग आडे बोलतो जी. म्या एक गाणं केलं."

काचेपलीकडे रंजिताचा हात झटकन डोक्याकडे गेला. पदर ओढायला. डोक्यावर हेडफोन होता, तिने हेडफोनवरूनच पदर ओढून घेतला, थेट हनुवटीपर्यंत. मला हसू आलं, आणि मग एकदम वाईट वाटलं.

काकांनी काशाची थाळी वाजवून गाणं म्हटलं. त्यांच्या आजोबांच्या काळात बैलांच्या पाठीवर मीठ लादून तांडे चालायचे, त्याचं गाणं होतं. 'बैल गेले, मीठ गेलं, घुंगरू राह्यले खुंटीले, आयकाले कोण हाय आता, वाजवू कोनाच्या घरी?' आवाज फाटलेला होता, पण गाणं खरोखर चांगलं होतं. पदराआडून रंजिताने विचारलं, "काकाजी, हे पहिल्यांदा कुठं सुचलं?"

"वावरात सुचलं बेटी. घरी नाई सुचत. घरी सारे गप असतात."

तेव्हापासून काका दर शनिवारी फोन करायला लागले. गाणं अर्ध्या मिनिटाचं आणि बोलणं पाच मिनिटांचं. गुडघा धरलाय. आई अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालायची, तशी भाजी आता कोणी करत नाही. मोठा भाऊ लालसिंग गेला, त्याच्याशी शेवटी अबोला होता. हे सगळं ते 'ममता बेटी'ला सांगायचे, थेट प्रसारणात, आणि अख्खा तांडा ऐकायचा. तांड्यातल्या बायकांनी रंजिताचा आवाज पहिल्याच दिवशी ओळखला होता. माहीत नव्हतं ते फक्त रामसिंगकाकांना. घरात त्यांच्या कानावर सुनेची कुजबुजसुद्धा कधी पडली नव्हती, तर ओळखणार कशावरून?

रंजिता सहा वाजता सुटून सायकलने घरी जायची आणि ऐकलेलं कामाला लावायची. काकांच्या बसायच्या जागेशी गरम तेलाची वाटी यायला लागली. अंबाडीच्या भाजीत कण्या आल्या. पुढच्या शनिवारी काका फोनवर सांगायचे, "बेटी, मायी बायको या वयात सुधरली पाय!" सुखीबाई ते श्रेय गुपचूप घ्यायची. रंजिता पदराआडून म्हणायची, "चांगलं झालं ना काकाजी." आणि फोन ठेवल्यावर मी गाणं लावलं की ती डोळे पुसायची. मी विचारलं तर म्हणायची, "काई नाई भाऊ, या खोलीत हवा नाई." ते खरंच होतं, पण रडण्याचं कारण ते नव्हतं.

यंदा संक्रांतीनंतरच्या शनिवारी काकांचा फोन आला. थाळीचा आवाज नव्हता.

"ममता बेटी, आज गाणं नाई. आज एक बोलायचं हाय."

"बोला ना काकाजी."

"मायी सून हाय घरी. बारा वर्ष झाले. तिचा आवाज म्या आयकला नाई."

माझं बोट बटणावर होतं. लाइन कापता आली असती. मी कापली नाही.

"लोकाईले वाटते म्या इसरलो. म्या नाई इसरलो. मायी माय मेली, ते वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी देतो म्हनलं तं वाटलं, लोक म्हनतीन, वर्षभर पोरीले मुकी काहून ठेवली? तिसऱ्या वर्षी अजून लाज वाटली. मंग दरसाली वाढतच गेली. आता बारा वर्षाची लाज हाय बेटी, ते घेऊन मी तिच्यापुढं कसा उभा राहू?"

रंजिता थांबली. नेहमी थांबते तशी नाही. मी घड्याळाकडे बघत होतो, चौदा सेकंद रेडिओ टेंभूरवर काहीही नव्हतं. मग ती म्हणाली, "कालवड हाय का घरी?"

"दोन हायेत."

"मंग एक द्या तिले. येत्या शनिवारी द्या."

"अन् ती नाई बोलली तं?"

"बोलीन."

"तुले काय मालूम?"

"मले वाटते, काकाजी."

पलीकडून म्हाताऱ्याचा श्वास ऐकू आला. मग एकदम उत्साहाने म्हणाले, "मंग तूच ये बेटी! तुया समोर देतो. तिचं पहिलं बोलणं तुया माइकात घे, साऱ्या गावाले आयकू दे." आणि ही म्हणाली, येते. आयुष्यात मी कपाळावर इतक्या जोरात हात मारला नसेल.

कार्यक्रम संपल्यावर ती बाहेर आलीच नाही. मी आत गेलो तर हेडफोन हातात धरून बसलेली. "भाऊ, म्या काय करून ठेवलं? मले दोन्हीकून कोंडल्यासारखं होऊन राह्यलं. बोलली तं ते वळखतीन. तीन वर्षं कायच्या कायच्या गोष्टी सांगतल्या त्यायनं, साऱ्या सुनेलेच सांगतल्या, हे सगळ्याईसमोर कळीन. अन् नाई बोलली तं त्यायची कालवड वापस केल्यासारखं होईन. मंग जनमभर कोण मले बोल म्हननार हाय?"

रंजिताने घरी जाऊन सुखीबाईला विचारलं. तिनेच ठरवलं: ममताला ताप आलाय असं मी सांगायचं. रंजिताने पदराआडून, खालच्या आवाजात, दोनच शब्द बोलायचे, 'जी मामाजी'. एवढ्याने रीत पुरी होईल, म्हाताऱ्याला काही कळणार नाही, आणि पुढे हळूहळू बोलता येईल. आम्हाला पटलं. पटण्यासारखंच होतं.

शनिवारी सकाळी दहाला मी रेकॉर्डर घेऊन तांड्यात गेलो. अंगणात सगळा तांडा जमलेला, बायका पुढे. आता यांना हसू आवरेल की नाही, याचीच मला धास्ती. कालवडीला धुऊन शिंगांना तेल लावलेलं. काकांनी लाल पागोटं बांधलं होतं. माझ्यामागे रस्त्याकडे बघून त्यांनी विचारलं, "ममता?"

"ताप आला तिला, काका."

त्यांचा चेहरा पडला. "मंग थांबू. पुढच्या शनिवारी करू."

शेजारची चंदाबाई सत्तरीची, कुणाला भीत नाही. ती ओरडली, "बारा वर्ष थांबला, अजून थांबतं का रे!" सगळ्या बायकांनी तिला साथ दिली. काकांनी मग कालवडीचं दावं सोडलं आणि रंजितासमोर येऊन उभे राहिले. ती पदर ओढून उभी होती, मान खाली. काकांनी दावं पुढे केलं.

"रंजिता," काका म्हणाले. त्यांनी तिला नावाने हाक मारलेली तिने स्वतःही याआधी कधी ऐकली नव्हती. "घे. बोल आता."

मी माइक तिच्या पदराजवळ धरला. कानाला हेडफोन, रेकॉर्डर चालू, सगळं बरोबर होतं. आणि मग माझा दुसरा हात आपोआप वर गेला. कुणी सांगितलं नव्हतं. सहा वर्षांची सवय. तीन बोटं, दोन बोटं, एक. बोट खाली आलं.

"राम राम मंडळी, शनिवार आला, आता..."

तिने जीभ चावली, पण उशीर झाला होता. तो मोकळा, भरलेला आवाज अंगणभर झाला. कालवड दचकून मागे सरली. रामसिंगकाका रेकॉर्डरकडे बघत राहिले, जणू आवाज त्यातून आला असावा. मग माझ्याकडे. मग पदराकडे.

"ममता?" त्यांनी हळूच विचारलं.

मग ती म्हणाली, "रंजिता, मामाजी."

चंदाबाईला हसू आवरलं नाही. ती हसली तशा सगळ्या बायका हसल्या, मग पुरुषही. कोणी वाईट मनाने हसत नव्हतं, तीन वर्षांचं दाबून ठेवलेलं हसू होतं ते. पण ज्याच्यावर हसतात त्याला त्याने काय फरक पडतो? काकांच्या हातून दावं सुटून पडलं होतं. त्यांनी वाकून ते उचललं, रंजिताच्या हातात नीट दिलं, दिलेलं परत घ्यायचं नसतं म्हणून, आणि चपला न घालताच वावराकडे निघून गेले.

परत येताना मी सायकल ढकलत स्वतःला शिव्या दिल्या. नंतर रंजिताची माफी मागितली. ती म्हणाली, "बोट तुमचं होतं भाऊ, पण तोंड तं मायंच होतं ना." तिला ते मनातून हवंच होतं की चुकून झालं, हे तिलाही सांगता येत नव्हतं.

काका तिला एक शब्दही लागट बोलले नाहीत. रेडिओवर जाऊ नको म्हणालेही नाहीत. त्या संध्याकाळी मी रेकॉर्ड केलेली गाणीच लावली, आणि पुढच्या शनिवारी तिने माइकवर सांगितलं, मी रंजिता आडे. माझे हात बटणांवर होते, तरी मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. घरात ती बोलती झाली, माइकवर तिचं नाव आलं, जे हवं होतं ते सगळं मिळालं.

पण घाटंजीच्या बाजारात लोकांनी काकांना सोडलं नाही. काय रामसिंग, सुनेसंग बोलाले फोन लागते का? जेवाले वाढ म्हनाले रेडिओवर जातं का? पहिल्या आठवड्यात ते हसले. दुसऱ्या आठवड्यापासून बाजारालाच यायचे बंद झाले.

घरी रंजिता म्हणायची, मामाजी, चहा ठेवू का? ते म्हणायचे, हं. मामाजी, गुडघा कसा हाय? हं. ती चुलीपाशी आली की ते उठून बाहेर जायचे. लवकर जेवून घ्यायचे, म्हणजे तिने वाढायला नको. वावरात जाताना मोबाइलवर रेडिओ लावायचे, ते सोडलं. शनिवारी पाच-वीसला रंजिता फोनकडे बघायची. फोन यायचे, दुसऱ्यांचे.

"पहिले मी मुकी होती, भाऊ," ती एकदा म्हणाली. "आता ते झाले. घरात पाय ठेवला की मले गुदमरल्यासारखं होते. बोलाची मोकळीक हाय, अन् तोंड उघडलं की सामोरचा मानूस उठून जाते."

मी चिडलो. म्हटलं, बारा वर्षं त्यांनी तुला गप्प ठेवलं, आता रुसू दे त्यांना. तुला तुझं मिळालं ना?

"तुमाले नाई समजत. त्यायले बोलाले दुसरं कोणीच नव्हतं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मलेबी नव्हतं."

याचा विचार मी केलाच नव्हता.

असे सात शनिवार गेले. होळी झाली. त्यानंतरच्या शनिवारी कळंबची पोरं गिटार घेऊन आली होती, नवीन गाणं करून. रंजिताने सुरुवातीला स्वतःचं नाव सांगितलं. आता तिला त्याची सवय व्हायला लागली होती. नाव सांगताना ती थोडी हसायची. पोरांचं पहिलं गाणं झालं आणि फोन वाजला. नंबर मला पाठ होता.

"हॅलो," मी म्हटलं. "बोला काका."

पलीकडून खाकरल्याचा आवाज. "ममता हाय का?"

त्यांच्याशी बोलणारी ममता कधीच नव्हती, हे घाटंजी तालुक्यात या माणसाइतकं कुणाला माहीत होतं? ते वेडे झाले नव्हते. आवाज स्वच्छ होता. ते उत्तराची वाट बघत होते.

मी हेडफोनमधून रंजिताच्या कानात बोललो. "रामसिंगकाका आहेत. ममताला विचारतायत."

तिने काचेतून माझ्याकडे बघितलं. वीस मिनिटांपूर्वी तिने याच माइकवर, सगळ्या गावांना ऐकू जाईल असं स्वतःचं नाव सांगितलं होतं. बारा वर्षांनी मिळालेलं ते नाव होतं. मला वाटलं, आता ही म्हणेल, इथं ममता कोणी नाही, मामाजी, मी रंजिता. म्हणावं, असंही वाटलं. गिटारवाली पोरं तिच्याकडे बघत होती. तिने डोळे मिटले, उघडले आणि मला मान हलवून खूण केली. मी लाइन जोडली.

"मी ममता बोलते, काकाजी," ती म्हणाली. "लय दिवसानं फोन केला."

"हो बेटी." पलीकडून सुस्कारा ऐकू आला. "बोलाचं होतं. घरी कोणाले बोलता येत नाई. मायी सून आता बोलते, मालूम हाय ना तुले? चांगली बोलते, मायेनं बोलते. पण मले तिच्याकडं पाहून काय बोलाव ते सुधरतच नाई. ती बोलाले लागली तवापासून घरात लय एकटं वाटते मले." ते थांबले. "तिले सांगू नको."

रंजिता या वेळी अजिबात थांबली नाही.

"नाई सांगत, काकाजी," ती म्हणाली.